थोरलीचं घर

फोटोतल्या बाईचा डावा खांदा कापला गेला होता. फोटो नऊ बाय तेराचा, फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली अडकवलेला. त्यातली जवळजवळ सगळी जागा एका निळ्या दाराने आणि पांढऱ्या भिंतीने व्यापली होती आणि बाई अगदी कडेला, उजव्या हाताने चौकट धरून उभी होती. तिच्या मनगटावर एक पांढरा डाग होता. तो पिठाचा की चुन्याचा हे फोटोवरून सांगता येत नव्हतं. रिगोने तो डाग आधी कधी पाहिला नव्हता. फोटो तिनेच काढलेला होता, आठ वर्षं तो तिथेच होता, रोज सकाळी दूध काढताना ती त्याच्यासमोर उभी राहत होती. पण जून महिन्यातल्या एका दुपारी पोपीची मैत्रीण पाण्याची बाटली काढायला गेली, फोटोपाशी थबकली आणि म्हणाली, "ही कोण गं?" आणि पोपीने, रिगोच्या अठरा वर्षांच्या मुलीने, सोफ्यावरून मानही न वळवता सांगितलं, "ती होय? ती आमचं बेटावरचं घर सांभाळते."

रिगो ओट्यापाशी लिंबं कापत होती. तिने सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि उरलेलं लिंबू कापलं. पिरेयस बंदरातल्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढल्यामुळे तिला एक सवय लागली होती: आधी दिसलं ते लिहायचं, अर्थ नंतर. त्या सवयीने तिने मुलीचं वाक्य तपासून पाहिलं तर त्यात चूक काहीच सापडेना. सेवास्ती घर सांभाळत होतीच. दर ईस्टरच्या आधी ती भिंतींना चुना देत होती, भिंतीवरच्या सगळ्या चिनी बशा एकेक उतरवून धुऊन पुन्हा जागच्या जागी लावत होती, हिवाळ्यात वारा दारं उखडायला निघाला की आतून अडसर घालत होती. आणि घर 'आमचं' होतं, हेही खरंच. कार्पाथोस बेटाच्या त्या डोंगरावरच्या गावात आईचं घर थोरल्या मुलीला जातं, तिच्या लग्नाच्या दिवशी, अख्खं, भांड्याकुंड्यांसकट. थोरलीच्या थोरलीला आजीचं नाव मिळतं आणि पुढे घर. अशा मुलीला तिथे कानाकारा म्हणतात, म्हणजे लाडकी. धाकटीच्या वाट्यालाही तेच घर येतं, पण झाडायला. वाक्यात एकच गोष्ट राहून गेली होती, ती बाई पोपीची सख्खी मावशी होती. आणि ती राहून गेलेली गोष्ट रिगोनेही त्या मुलीला सांगितली नाही. तिने लिंबाच्या फोडी पाण्यात टाकल्या. हे तिला रात्रभर कळत राहिलं, की आपण सांगितलं नाही.

आठवड्याभराने ती कामावरून परस्पर एका नोटरीकडे गेली. नोटरी तरुण होता, मुलासारखा गोड बोलणारा. "बाई, असं घर आता कोण देतं? समुद्र दिसतो का तिथून?" "दोन्ही बाजूंचा," रिगो म्हणाली. तिने जिथे जिथे सही करायची तिथे तिथे केली. दान घेणारीला, म्हणजे सेवास्तीला, बेटाच्या मुख्य गावी, पिगादियाला जाऊन तिथल्या नोटरीसमोर सही करावी लागणार होती, तेवढंच बाकी. लिफाफा पर्समध्ये टाकून बाहेर पडल्यावर तिला हलकं वाटलं, परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आल्यासारखं. हे हलकेपण खरं नाही, हे तिला बसमध्ये बसल्यावर कळलं. तिने अवघड भाग कागदाकडून करून घ्यायचं ठरवलं होतं.

ऑगस्टच्या पाच तारखेला त्या दोघी निघाल्या. नवरा जहाजावर होता, तो नेहमीच जहाजावर असे. पिरेयसची बोट संध्याकाळी सुटते आणि बेटं मोजत मोजत दुसऱ्या दिवशी दुपारी गावाखालच्या दियाफानीच्या धक्क्याला लागते. डेकवर माणसं गाद्या पसरून बसली होती, कुणी टोमॅटो कापत होतं, लोखंडी कठड्यावर मीठ साचून बोटांना खरखरीत लागत होतं. रिगोने पोपीला सगळं सांगितलं. पोपी ऐकत ऐकत सूर्यफुलाच्या बिया फोडत होती.

"छान," ती म्हणाली. "आणि आजीला कोण सांगणार?"

"मी."

"तू!" पोपीला बी अडकून ठसका लागला. "आई, तू गार झालेली कॉफीसुद्धा परत पाठवत नाहीस."

"घर तुझं व्हायचं होतं पुढे. तुला वाईट वाटत असेल तर आत्ता बोल."

"मला ऑगस्टमध्ये पंधरा दिवस झोपायला जागा मिळाली म्हणजे झालं. पण सणाला सोन्याच्या नाण्यांचा हार मी घालणार हं. या वर्षी आजीने कबूल केलंय. घर देऊन टाक, हार नको देऊस."

"त्या दिवशी तुझ्या मैत्रिणीला तू मावशीबद्दल म्हणालीस, घर सांभाळते."

"मग? तू बाबांना फोनवर काय म्हणतेस? सेवास्तीला सांगते, घर उघडून ठेव. दर वर्षी तेच. मी कुठून शिकले?"

पोपीने हे रागाने म्हटलं नव्हतं. बियांची टरफलं तिने वाऱ्यावर सोडली, ती उलटी फिरून दोघींच्या केसांत आली.

गावात पोचल्यावर घर तसंच होतं, म्हणजे कुणीतरी ते तसंच ठेवलं होतं. एकच मोठी खोली, मधोमध लाकडी खांब, अर्ध्या खोलीत कोरीव कठड्याचा उंच ओटा, त्यावर घडी घातलेल्या गाद्या आणि वर भिंतभर बशा. उन्हातून आत आलं की क्षणभर काहीच दिसत नाही, मग बशांच्या कडा एकेक करून उजळतात. चुन्याचा वास, त्याखाली सुकलेल्या रानओव्याचा, आणि त्याच्याही खाली लाकडाचा, जो तिला आपल्या बालपणाचा वास वाटे. सेवास्ती उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. पांढरे होऊ लागलेले केस रुमालात बांधलेले, पायांत कामाचे कातडी बूट. रिगोहून पाच वर्षांनी लहान, पण कुणाही परक्याने तिला थोरली म्हटलं असतं.

"ताई, पाणी भरून ठेवलंय. अंजिरं फडताळात आहेत, झाकून. पोपी, केवढी झालीस गं! दाराला शिंगं टेकतील."

"आत ये ना मावशी."

"बूट मळलेत. काही लागलं तर हाक मारा." आणि ती एकतीस पायऱ्या उतरून खालच्या खोलीकडे गेली. त्या एकतीस आहेत हे रिगोला लहानपणापासून माहीत होतं, तरी तिने बुटांच्या आवाजावरून पुन्हा मोजल्या.

खालची खोली भट्टीला लागून होती. त्यात आई आणि सेवास्ती राहत. रिगोच्या लग्नाच्या दिवशी, चर्चकडे वरात निघायच्या आधी, आईने आपली गादी डोक्यावर घेतली होती आणि मागून सतरा वर्षांची सेवास्ती पिठाची चाळणी आणि दिवा घेऊन उतरली होती. तसंच करतात. रिगोने ते नवरीच्या पोशाखात, मान ताठ ठेवून पाहिलं होतं, कारण गळ्यातल्या सोन्याच्या नाण्यांच्या हाराने मान वळत नव्हती. लग्नानंतर दोन वर्षांत नवऱ्याला पिरेयसच्या कंपनीत जागा मिळाली आणि घराला कुलूप लागलं. आईची गादी मात्र वर आली नाही. घर थोरलीचं होतं. ते रिकामं असलं म्हणून काय झालं?

"आलीस? बारीक झालीस," आई म्हणाली. "घर बघितलंस?" दर वर्षी ती आधी हेच विचारी. गालाला गाल लावताना तिच्या काळ्या रुमालाला धुराचा वास आला. रिगोचं लक्ष भिंतीकडे गेलं. सेवास्तीच्या खाटेमागे जमिनीपासून चाळीसएक सेंटिमीटरवर ओलीची एक गडद रेघ होती, वरच्या कडेला मिठाची पांढरी बुरशी धरलेली. मागच्या उन्हाळ्यात ती खाटेच्या पट्टीखाली होती, आता वर आली होती. भिंत पाणी वर ओढते, कोरडी दिसली तरी ओढतच असते, क्षार मागे ठेवते, आणि क्षारांनी दगड आतून सुटत जातो, हे तिने प्रयोगशाळेत नव्या मुलांना शिकवायच्या पद्धतीने मनात म्हटलं. खाटेवरच्या उशीला हात लावला. उशी दमट होती. सेवास्ती आत येताना खोकली आणि तिने तो खोकला पदराआड घ्यावा तसा रुमालाच्या टोकात घेतला.

सुट्टीचे दिवस सुट्टीसारखेच गेले, हेच तिला सहन होत नव्हतं. सकाळी वारा डोंगराच्या पश्चिमेकडून ढग वर ढकलत आणी, ढग घरांच्या मधून पांढऱ्या जनावरासारखे पार होत आणि पूर्वेच्या उतरणीवर पोचताच विरून जात. पंधरा तारखेला मेरीचा सण, त्याआधीचे चौदा दिवस उपासाचे, म्हणून जेवणात ऑलिव्ह, कांदा, केपर नावाच्या रानझुडपाची पानं, उकडलेल्या भाज्या, आणि ते सगळं सेवास्ती झाकून वर आणून ठेवी. दुपारी रिगो आणि पोपी बसने खाली किनाऱ्यावर जात. तिथे वाळू नव्हती, वाटोळे गोटे होते, पायाला पोळणारे, आणि पाणी इतकं स्वच्छ की दहा हातांवरच्या तळाचे गोटे वेगवेगळे दिसत. रिगो पाठीवर तरंगायची. कान पाण्याखाली गेले की जग बंद व्हायचं, फक्त गोटे एकमेकांवर घासल्याचा आवाज यायचा, आणि वर आकाश, आणि डोंगराच्या धारेवर गाव, दातांच्या ओळीसारखं. तिथे ती म्हणून पाहायची: घर सेवास्तीचं आहे. आपलाच आवाज कवटीच्या आतून ऐकू येई, ठाम, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. पाण्यात म्हणता येतं. पाण्यात कुणी समोर नसतं. मग ती किनाऱ्यावर येई, टॉवेलमध्ये गुंडाळून बसे, कातडीवर मीठ आवळत जाई आणि ती पुन्हा आईची थोरली होई.

दहा वर्षांपूर्वी तिने एकदा म्हटलं होतं, मोठ्याने नाही, कानात. बोटीच्या धक्क्यावर, सामान चढवून झाल्यावर, सेवास्तीला मिठी मारताना: "एक दिवस घर तुलाच देईन बघ." त्याच क्षणी भोंगा वाजला. सेवास्तीने ऐकलं की नाही हे रिगोला कळलं नव्हतं, आणि कळलं नाही याचं तिला बरं वाटलं होतं. त्यानंतरचे दहा उन्हाळे तो भोंगा तिच्या मदतीला येत राहिला. ऐकलं नसेलच, असं ती म्हणायची. ज्या मापाला साक्षी नाही ते माप झालंच नाही असं धरायचं, हा प्रयोगशाळेतला नियम. तो कुठे लावू नये हेही तिला कळत होतं.

तेरा तारखेला सकाळी सणाचे पाव भाजायचे होते. भट्टी अंगणात, गल्लीला लागून. तीन घरांची पिठं त्यात भाजली जायची, पण इतर बायका अजून आल्या नव्हत्या. सेवास्ती काटेरी फांद्या आत सारत होती, ज्वाळा घुमटाला चाटून काळा धूर आणि मग निव्वळ उष्णता परत फेकत होती. रिगो काठवटीतल्या गोळ्यांवर तीळ लावायला बसली. तिच्या हातांना ते काम आठवत होतं, तिला आठवत नसलं तरी.

"दाबून लाव. सगळे तीळ भट्टीत सांडतील. पक्ष्यांसाठी भाजतेस का?"

रिगोने हात पुसले आणि पिशवीतून लिफाफा काढला. "हे वाच. घराचा कागद. माझ्या सह्या झाल्यात. तू पिगादियाला जाऊन सही केलीस की घर तुझं."

सेवास्तीने फांदी अर्धी आत, अर्धी बाहेर तशीच ठेवली. हात आधी झग्याला, मग रुमालाला पुसले. कागद उजेडाकडे धरून तिने वाचायला सुरुवात केली, ओठ हलवत, एकही ओळ न गाळता, शेवटच्या शिक्क्यापर्यंत. फांदी बाहेरच्या टोकापर्यंत पेटली तेव्हा तिने ती पायाने आत ढकलली.

"आईला माहितीये?"

"अजून नाही."

"पोपीला?"

"हो."

"म्हणजे पिरेयसमध्ये माहितीये, गावात नाही."

"सेवास्ती, आधी सही होऊ दे. मग सांगू. एकदा झालं म्हणजे आईला काही करता येणार नाही."

"मग मी चोर झाले." सेवास्ती शांतपणे म्हणाली. "तू बोटीत बसशील. मी इथेच. दुसऱ्या दिवशी आर्होंतूला काकू इथे पीठ घेऊन येईल आणि विचारेल, काय गं, थोरलीला काय पाजलंस? आई माझ्या हातचं पाणी घ्यायची नाही. आणि मी सगळ्यांना काय दाखवू, हा कागद? दारावर चिकटवू?"

"तुला घर नको का?"

"नको कुठे म्हणाले?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "हवंय. फार हवंय, ताई. त्या ओट्यावर मी एकदाही झोपलेली नाही तुझ्या लग्नानंतर. गाद्या उन्हात टाकते, परत घालते, पण अंग टाकत नाही. जानेवारीत खाली भिंतीतून पाणी येतं तेव्हा किल्ली माझ्या गळ्यात असते. तरी जात नाही वर. वेडीच आहे मी."

"मग?"

"मग कानात नको. धक्क्यावर कानात बोलली होतीस."

रिगोच्या बोटांना तीळ चिकटले होते. ते ती एकेक करून काढू लागली.

"मला वाटलं भोंग्यामुळे तुला—"

"दर उन्हाळ्यात मी त्या धक्क्यावर असते. भोंग्यातून ऐकू येतं मला." सेवास्तीने कागद घडीवर घडी घालून लिफाफ्यात परत सरकवला, लिफाफा रिगोच्या मांडीवर ठेवला. त्याच्यावर पिठाची दोन बोटं उमटली. "दहा वर्षं काढली मी त्या वाक्यावर. दर उन्हाळ्यात तुझी पेटी उतरवून घेताना वाटायचं, आज म्हणेल. आता असं कर. आईसमोर म्हण, बायकांसमोर म्हण. आईच्या तोंडावर. मग कागद आण, सही काय, अंगठासुद्धा देते."

"तुला सही येते की."

"येते. पण अंगठा जास्त मोठा आहे." ती हसली आणि हसता हसता खोकली. मग फांदी उचलत, रिगोकडे न बघता म्हणाली, "आणि नाही म्हटलंस तर तसंही चालेल. रोड्स बेटावर एका हॉटेलात पाव भाजायला बाई हवीये. सोळाव्याला सकाळी मला हो-नाही कळवायचंय. राहायला खोली देतात. कोरडी आहे म्हणे."

"आणि आई?"

"आईला थोरली आहे ना."

गल्लीत बायकांचे आवाज आले. आर्होंतूला काकू, शेजारीण, सगळ्या गावाची काकू, डोक्यावर फळी घेऊन वळणावरूनच ओरडली, "काय गं, तापली का भट्टी, का दोघी बहिणी बोलूनच पाव भाजणार?" सेवास्ती म्हणाली, "तापलीये काकू, या. तुमच्या जिभेइतकी नाही, पण चालेल." सगळ्या हसल्या. रिगोही हसली. लिफाफा तिने मांडीखाली दडपला, आणि दडपताना तिला दिसलं की आपण काय करतोय.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच खाली गेली. आई दारात बसून मसूर निवडत होती. एकेक खडा उचलून उंबऱ्याबाहेर टाकत होती. रिगोने वाक्य तयार ठेवलं होतं, तीन शब्दांचं, समुद्रात हजार वेळा घोटलेलं. ती आईसमोर बसली आणि म्हणाली, "आई, भिंतीला ओल आलीये."

"ओल एव्हगेनियाच्या वेळेपासून आहे." आईची बोटं थांबली नाहीत. एव्हगेनिया तिची धाकटी बहीण. ती याच खोलीत, याच खाटेवर आयुष्यभर राहिली होती. "तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. सेवास्ती हल्ली खोकत असते, ऐकलंस? मला वाटतं मुद्दाम."

"आई, मुद्दाम कुणी खोकतं का?"

"तू पिरेयसला असतेस. तुला काय माहीत." मग मसूर खळखळ हलवत: "माझ्याही मनात यायचं. मी काही दगड नाही. मी घर एव्हगेनियाला दिलं असतं तर आज तुझं काय राहिलं असतं? आणि पोपीचं? नावाला घर लागतं. नुसतं नाव वाऱ्यावर उडतं." तिने ताटली खाली ठेवली. "तरी तिला मरताना वर नेलं मी. थोरलीच्या घरात, ओट्यावर मेली ती. तेवढं केलं मी तिच्यासाठी. गावात दुसऱ्या कुणी केलं नव्हतं."

रिगो नऊ वर्षांची होती तेव्हा. तिला ते आठवण्याची गरज नव्हती, ते तिच्या मागे उभंच होतं. दोन पुरुषांनी एव्हगेनियामावशीला खुर्चीत बसवून त्या एकतीस पायऱ्या चढवल्या होत्या, खुर्ची कलली की मावशी कठडा धरायला हात पुढे करायची आणि हातात कठडा यायचा नाही. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. उंबऱ्यापाशी आल्यावर मावशीने काहीतरी म्हटलं, कुणाला कळेना. खुर्ची खाली ठेवली. तिने पायांकडे बोट दाखवलं. तिला बूट काढायचे होते, चुना दिलेल्या घराची जमीन तिच्या बुटांनी मळू नये म्हणून. बूट रिगोने काढले. कातड्याच्या दोऱ्या आवळून बसल्या होत्या, सुटेनात, आणि मावशी तोवर उंबऱ्याबाहेर खुर्चीत वाट पाहत राहिली, सुजलेल्या बोटांनी रिगोच्या केसांवर थोपटत. "घाई नको, बाळ. घाई नको." आई आत दिवा लावत होती. आईला वाटत होतं की ती एक मोठी गोष्ट करते आहे, आणि ती खरंच करत होती, हेच सगळ्यात वाईट होतं.

"बोलायचं होतं ना काही?" आई म्हणाली.

"उद्या," रिगो म्हणाली. ती पायऱ्या चढली आणि वर येईपर्यंत तिला कळलं की हा 'उद्या' मागच्या दहा वर्षांतल्या उद्यासारखा नाही. त्यात धडधड नव्हती. प्रयोगशाळेत द्रावणात थेंब थेंब टाकत जावं, नुसतंच ढवळत राहावं, रंग येतो आणि विरतो, येतो आणि विरतो, आणि मग एका थेंबाला तो विरत नाही, तसं काहीतरी झालं होतं. त्यानंतर आणखी थेंब टाकायचा नसतो. आकडा वाचून लिहायचा असतो.

सणाच्या दिवशी प्रार्थना झाली, उपास सुटला, बोकडाच्या मटणाची पंगत उठली. तिसऱ्या प्रहरी मैदानात वाद्यं लागायच्या आधी पोपीला सजवायचं होतं. थोरलीला तिच्या घरातच सजवतात आणि बायका बघायला येतात. ओटा भरला, कठड्यावर पोरी चढून बसल्या, दार उघडं होतं आणि वारा आत घुसून बशांना किंचित किंचित वाजवत होता. पोपी खांबाला धरून उभी. पांढरा झगा, त्यावर फुलांचा, मग कमरपट्टा, मग रुमाल, आणि प्रत्येक थराबरोबर ती थोडी थोडी गप्प होत गेली. आई स्टुलावर बसून हुकूम सोडत होती.

"रुमाल मागे घे. कपाळ दिसू दे पोरीचं. कपाळ माझं आहे तिचं."

"नाक कुणाचं आहे मग?" आर्होंतूला काकूने विचारलं. "पिरेयसचं वाटतं. जरा वरच आहे."

"काकू, मला ऐकू येतं," पोपी म्हणाली.

"यायलाच हवं. घरवाली होणार तू. कान उघडे ठेव, तोंड बंद. तुझ्या आईचं नुसतं तोंड बंद."

हशा झाला. आईने पेटीतून हार काढला. नाण्यांच्या ओळी एकमेकींवर सरकल्या, जड, गोट्यांवरून लाट मागे जाते तशा आवाजात. बायका पुढे सरकल्या. तिने आणि आर्होंतूला काकूने मिळून तो पोपीच्या छातीवर धरला, आणि रिगोने पाहिलं की मुलीची मान आपसूक ताठ झाली, आता ती वळणार नव्हती. सेवास्ती तेव्हाच पावांची परात घेऊन पायऱ्या चढून आली. उंबऱ्याशी थांबली. परात कुणाकडे द्यावी म्हणून आत पाहू लागली.

"रिगो, ये," आई म्हणाली. "मागची गाठ घरधनिणीने मारायची असते. माझ्या आईने माझी मारली, मी तुझी मारली. ये, मार. आणि सगळ्यांना सांग, तुझ्या मागून हे घर कुणाचं."

रिगो ओट्यावरून उतरली. जमीन पायांना गार लागली. खोलीत सतरा बायका होत्या, तिने नकळत मोजल्या होत्या. हाराच्या दोन्ही दोऱ्या आईने तिच्याकडे पुढे केल्या. रिगोने त्या घेतल्या नाहीत. तिने दाराकडे पाहिलं. सेवास्तीच्या हातात परात होती, त्यामुळे तिला हात कुठे लपवता येत नव्हते. तिचा चेहरा वाट पाहणाऱ्या माणसाचा नव्हता, वाट पाहणं संपवायला आलेल्या माणसाचा होता. उद्या सोळा तारीख होती.

"गाठ सेवास्ती मारेल," रिगो म्हणाली.

वाऱ्याने दार भिंतीवर आपटलं. आपला आवाज घशातून बाहेर पडून हातभरावर संपला, हे तिला स्वतःलाच ऐकू आलं. तीच जुनी धक्क्यावरची कुजबुज.

"काय?" आई म्हणाली. "कोण मारेल?"

"अगं, मोठ्यानं बोल की," आर्होंतूला काकू म्हणाली. "पिरेयसला बोलायलाही पैसे पडतात का?"

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. आईने दोऱ्या अजून पुढेच धरल्या होत्या. नाणी बारीक किणकिणत होती, आणि तिच्या डोळ्यांवरून रिगोला कळलं की आईला ऐकू आलं आहे, पहिल्याच वेळी, आणि ती रिगोला परत फिरायला जागा करून देते आहे. एक क्षण, पुरेसा मोठा. त्यात सहज परतता आलं असतं. रिगोने त्या जागेकडे नीट पाहिलं. मग ती दारापर्यंत चालत गेली, सेवास्तीच्या हातातली परात काढून घेऊन खाली ठेवली आणि तिचा पिठाळलेला हात धरून तिला, बुटांसकट, उंबऱ्याच्या आत घेतलं. सेवास्तीचा पाय क्षणभर अडखळला आणि जमिनीवर पूर्ण टेकला.

"आई," रिगो म्हणाली. आता तिचा आवाज बशांवर आदळून परत आला आणि बाहेर गल्लीत चालणारे दोन पुरुष थांबून आत पाहू लागले. "मी घरधनीण नाही. पोपीही होणार नाही, तिला सांगून झालंय. जी इथे राहते, जिच्या हाताने या भिंती उभ्या आहेत, तिचं हे घर. सगळ्याजणी ऐका. हे घर मी सेवास्तीला दिलं."